टायरसम म्हणजे दमलेला नव्हे हो!

या वेळी इंग्रजी आणि चिनीच्या मधल्या भानगडी विचारणारे बरेच जण निघाले. पहिल्याच प्रश्नाने अर्ध्याहून जास्त जागा खाल्लीय, त्यामुळे बाकीच्यांना थोडक्यात उरकलंय, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार सर, मी ठाण्यात राहते, घरूनच ऑनलाइन इंग्रजी बोलायला शिकवते. सध्या तैवानमधल्या तायचुंगचे काही नोकरी करणारे लोक माझ्याकडे आहेत, सगळे तिशीतले. परवा एकाने लिहून आणलं, 'माय ग्रँडमदर वॉज टायरसम, सो शी वेंट टू बेड अर्ली.' मी म्हटलं अहो, आजीला असं नाही म्हणायचं. तो म्हणाला का, दमली होती ना ती. मग मी सांगितलं की टायरसम म्हणजे थोडं बोरिंग, थोडं अनॉइंग. तर म्हणतो, मग बोरिंग म्हणू, नाहीतर अनॉइंग म्हणू, हा तिसरा शब्द कशाला? मी गप्प. त्याच्या डिक्शनरीत चार-पाच चिनी शब्द दिलेत, पण एकही बसत नाही असं तोच म्हणतो. कसं समजावू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, त्या वाक्यात आजी दमली नाही, तिने सगळ्यांना पिडलं आणि मग झोपायला गेली, असं झालंय. पण यात त्या बिचाऱ्याची चूक कमी आणि शब्दाच्या दिसण्याची जास्त. टायर म्हणजे दमणं-दमवणं हे शाळेत पाठ झालेलं असतं, त्यावरून टायर्ड येतं, टायरिंग येतं, मग टायरसम समोर आला की माणूस म्हणतो हा पण त्यांच्यातलाच, आणि चिनीतला 'लेइ', म्हणजे दमलेला, त्याला चिकटवून पुढे जातो. मूळ त्याचं दमवण्यातच आहे हे खरंय, पण आजच्या वापरात शरीर दमण्याचा संबंध जवळजवळ सुटलाय, दमतं ते डोकं आणि संपतो तो पेशन्स.

म्हणून पहिलं काम, त्याच्या मनातून 'लेइ' काढणं. व्याख्या देत बसू नका, त्याच्या घरचं उदाहरण द्या. तैवानमधला सगळ्यात उंच डोंगर युशान, ३,९५२ मीटर. तो चढणं टायरिंग, पोटऱ्या भरून येतात, श्वास पुरत नाही, पण वर पोचल्यावर माणूस खूश. आता त्या डोंगरावर जायला आधी परवानगी काढावी लागते, पार्कची एक आणि पोलिसांची एक, आणि वाटेतल्या पाइयुन लॉजमध्ये रात्री झोपायला जागा पाहिजे तर लॉटरीत नंबर लागावा लागतो. नाही लागला की दुसरी तारीख बघा, परत फॉर्म भरा, परत वाट बघा. हे टायरसम. खुर्चीत बसून केलं, घामाचा थेंब नाही, तरी वैताग. त्याला दोन वाक्यं जोडीने म्हणायला लावा, चढण टायरिंग होती, फॉर्म टायरसम होते. माझ्या मते एवढ्यावरच निम्मं काम होतं.

आता त्याचा खरा प्रश्न, तिसरा शब्द कशाला. हा प्रश्न हुशार आहे, त्याला तसं सांगा. बोरिंग म्हणजे नुसता रस नसणं. एखादं भाषण बोरिंग असतं पण ते आपल्या मागे लागत नाही, मागच्या रांगेत बसून डुलकी काढता येते. अनॉइंग म्हणजे त्रास, आणि तो एका सेकंदातही होतो, कुणी रांगेत मध्येच घुसलं, झालं अनॉइंग, त्यात कंटाळ्याचा काय संबंध? टायरसमला हे दोन्ही लागतं आणि वर आणखी काहीतरी लागतं, ते म्हणजे ती गोष्ट आधीही झालेली असली पाहिजे, परत होतेय, आणि आता पुढे काय होणार हे आपल्याला पाठ आहे. शिवाय ती किरकोळ असली पाहिजे. भूकंप टायरसम नसतो, आजारपणही नाही, कुणी तसं म्हटलं तर एकतर तो मुद्दाम हलकं करून बोलतोय नाहीतर फार शिष्ट आहे.

यासाठी तैवानात एक फर्मास वस्तू तयार आहे. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपऐवजी लाइन नावाचं अ‍ॅप चालतं आणि त्यावर घरातली वडीलधारी मंडळी रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतात, कमळ, सूर्योदय, वर जाड रंगीत अक्षरात सुप्रभात आणि खाली एखादं उपदेशाचं वाक्य. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपवर दुसरं काय असतं! त्या चित्रांना तिकडे नावच पडलंय, जांगबेइ-थू, म्हणजे वडीलधाऱ्यांची चित्रं. आता विद्यार्थ्याला विचारा, एक चित्र आलं तर काय वाटतं? काही नाही, उलट गोड वाटतं, मावशीला आपली आठवण आली. पण तीच मावशी, तेच कमळ, रोज सकाळी सहाला, आणि उत्तर दिलं नाही की दुपारी 'बघितलंस का' म्हणून फोन, आणि असं तीन मावश्यांकडून. आता ते टायरसम झालं. चित्र बदललं नाही, मावशी वाईट झाली नाही, फक्त मोजदाद वाढली. गेट्स टायरसम, बिकम्स टायरसम असं हा शब्द सारखा का येतो ते इथे त्याला आपोआप कळेल, कारण ते 'होत जाणं' यात आहेच.

चिनी शब्दांचं म्हणाल तर डिक्शनरीतले सगळे शब्द थोडेथोडे बरोबर आहेत आणि म्हणूनच पंचाईत आहे. 'थाओयेन' सगळ्यात आधी दिलेला असतो, पण त्यात नावड जास्त आहे, माणूस आवडतच नाही असं ते होतं, आणि वर प्रेमातली मुलगी लाडाने 'थाओयेन!' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ आपल्या 'चल, काहीतरीच!' इतकाच असतो. 'मा-फान' म्हणजे कटकट, पण तो उठताबसता सभ्यपणासाठी वापरतात, जरा त्रास देतो हं, अशा अर्थी, म्हणजे तोही नको. त्यातल्या त्यात जवळचा एकटा 'फान'. हे अक्षर तुम्हाला चिनी येत नसलं तरी एकदा बघाच. तैवानात अक्षरं अजून जुन्या पूर्ण रूपात लिहितात, त्यामुळे स्पष्ट दिसतं, डावीकडे आग आणि उजवीकडे डोकं. इसवी सन १०० च्या आसपास शू शन नावाच्या पंडिताने चिनी अक्षरांचा जो कोश केला त्यात याचा अर्थ दिलाय, ताप येऊन डोकं दुखणं. म्हणजे शब्दशः आपला डोक्याला ताप! मराठी आणि चिनीचा काही संबंध नाही, कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, पण वैतागलेल्या माणसाला जगात सगळीकडे एकाच जागी गरम होतं असं दिसतंय.

पण फान एकटा पुरत नाही. उद्या परीक्षा आहे, पैशाची काळजी आहे, प्रेमभंग झालाय, तरी चिनी माणूस 'मी फार फान आहे' म्हणतो, आणि तिथे टायरसम चालणार नाही. त्यात 'नी' मिसळायला हवा. नी म्हणजे तेलकट, तुपकट, खाऊन खाऊन वीट आलेलं, आणि तो नुसता जेवणाला नाही, बघून नी झालं, ऐकून नी झालं असंही म्हणतात. म्हणजे आपलं कान किटले. त्यांच्याकडे याहून भारी आहे, एवढं ऐकलं की कानाला घट्टे पडले म्हणतात. तर त्याला सांगा, फान अधिक नी, भागिले किरकोळ, बरोबर टायरसम. इंजिनिअर असेल तर लगेच पटेल.

माणसाला टायरसम म्हणायचं कसं हे सांगायला थांग संग वापरा, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. खरा ह्युएन त्संग सातव्या शतकात आपल्याकडे येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, आणि इथले लोक स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला. पण चिनी लोकांच्या मनातला थांग संग गोष्टीतला आहे, माकडराजाला बरोबर घेऊन पोथ्या आणायला निघालेला साधू. १९९५ सालच्या एका हाँगकाँगच्या सिनेमात या साधूला असा काही बडबड्या दाखवलाय की तो कुठेही, कशावरही, थांबतच नाही, माकडाचं डोकं खातो नुसतं. तेव्हापासून फार उपदेश झाडणाऱ्याला तरुण मंडळी थांग संग म्हणायला लागली. तुमच्या तिशीतल्या विद्यार्थ्याला तो सिनेमा माहीत नसेल असं होणं कठीण. आता गंमत बघा, तो साधू दुष्ट नाही, बोलतो ते चुकीचंही नाही, फक्त तेच तेच आणि संपतच नाही. टायरसम माणूस म्हणजे हाच. मुंबईकर त्याला पकाऊ म्हणतो आणि सोडून देतो.

आपलं मराठी या बाबतीत फार सोयीचं आहे. पोरगं सारखं मागे लागलं की आई म्हणते 'कंटाळा आणलास बाई तू!' तिथे ती बोअर झालेली नसते, वैतागलेली असते, पण शब्द कंटाळाच वापरते. म्हणजे आपल्याला या दोन गोष्टी एका घरातल्या वाटतात, तुम्हाला टायरसम न शिकता कळला तो त्यामुळेच, आणि दुसऱ्याला समजावता आला नाही तोही त्यामुळेच! इंग्रजीत अनॉय आणि फ्रेंचमधून आलेला आन्वी, म्हणजे कंटाळा, हे दोन्ही एकाच लॅटिन वाक्प्रचारातून निघाले, काहीतरी नकोसं वाटणं या अर्थाच्या. फ्रेंचमध्ये आजही एकच क्रियापद दोन्हीला चालतं. इंग्रजीने ते भाऊ वेगळे केले, एकाला त्रास दिला आणि दुसऱ्याला कंटाळा, आणि मग दोघं एकत्र आले की काय म्हणायचं म्हणून टायरसमला कामाला लावलं. तिसरा शब्द कशाला याचं उत्तर मी तरी असंच देईन.

दोन गोष्टी राहिल्या. एक, हा शब्द जरा वरून बघून बोलणारा आहे. 'हाऊ टायरसम!' म्हणणारा ब्रिटिश माणूस भुवई उचलून म्हणतो, चिडून ओरडत नाही. अमेरिकेत तोंडी बोलताना तो फारसा येत नाही, ते सरळ अनॉइंग म्हणतात किंवा 'गेट्स ओल्ड' म्हणतात. त्यामुळे विद्यार्थ्याला वाचताना ओळखता आला आणि लिहिताना कधीमधी वापरता आला तरी बास, रोज बोलायला लावू नका. आणि तो गोष्टीबद्दल किंवा माणसाबद्दल असतो, आपल्या मूडबद्दल नाही, 'आय अ‍ॅम टायरसम' म्हणजे मीच लोकांना पकवतो.

दुसरी गोष्ट उच्चाराची. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शब्दाच्या शेवटी म येतच नाही, न येतो नाहीतर अनुनासिक ङ येतो. त्यामुळे टायरसमचा टायरसन होतो आणि ऐकणाऱ्याला तो बॉक्सर टायसन वाटतो. शेवटी ओठ मिटायला लावा. त्याच्या घरी तैवानी बोली बोलत असतील तर तीत शेवटी म असतो, मग त्याला आजीसारखं बोल म्हणावं, म्हणजे आजीचा असा तरी उपयोग!

प्रश्न : आमच्या कंपनीचं चीनमधल्या सुझौच्या सप्लायरशी काम चालतं. तिथला एक मॅनेजर चांगला दोस्त झालाय. तो मेसेज करतो, 'आय अ‍ॅम व्हेरी बोरिंग धिस वीक.' इतका सज्जन माणूस स्वतःला असं म्हणतो ते वाचवत नाही. सांगू का नको?
— एक वाचक, चाकण

उत्तर : सांगा, पण क्लायंट मीटिंगमध्ये नको. चिनीत 'वू-ल्याओ' हा एकच शब्द आहे, मला कंटाळा आलाय तरी वू-ल्याओ आणि सिनेमा कंटाळवाणा आहे तरी वू-ल्याओ. शब्दाचं रूप बदलायची पद्धतच नाही, त्यामुळे बोअर्ड आणि बोरिंग यात कोणता कुणाचा हे त्यांना कायम डोकं लावून ठरवावं लागतं. आपल्याकडे मराठी मीडियमची मुलंही हेच करायची, आता बोअर झालो म्हणतो आणि सुटतो.

त्याला उलट बाजूने सांगा, सोपं जाईल. वुइचॅट या त्यांच्या चॅट अ‍ॅपवर व्हॉइस मेसेज साठ सेकंदांचाच जातो, मग काही लोक एकापाठोपाठ एक साठ-साठ सेकंदांचे सात-आठ पाठवतात, आणि नेमका कामाचा नंबर पाचव्याच्या मध्यात असतो, तो चुकला की पुन्हा ऐका. मेसेज बोरिंग, ऐकणारा बोअर्ड, आणि पाठवणारा टायरसम. हे तो आयुष्यभर विसरणार नाही, कारण असा एक सप्लायर प्रत्येकाला असतो. (तोच तो नसेल अशी आशा.)

प्रश्न : टेडिअस आणि टायरसम यात फरक काय? आमच्या क्लासमध्ये दोन्हीला 'कंटाळवाणे' लिहून दिलंय.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : टेडिअस बहुतेक कामाला आणि मजकुराला लागतो. लांब, रटाळ, बारीकसारीक, एक्सेलमध्ये हजार ओळी तपासणं. त्यात कुणाचा राग येत नाही. टायरसममध्ये जरासा राग असतो आणि तो बऱ्याचदा माणसावर असतो. हजार ओळी तपासणं टेडिअस, आणि दर दहा मिनिटांनी येऊन 'झालं का, झालं का' विचारणारा साहेब टायरसम. चिनी शिकत असाल तर टेडिअसला 'फावेइ' बरा बसतो, शब्दशः बेचव.

प्रश्न : टायरसम, ट्रबलसम, बर्डनसम सगळे वाईट, मग हँडसम चांगला कसा?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ते शेवटचं सम जुन्या इंग्रजीतलं आहे, आणि जर्मनमध्येही त्याचा भाऊ आहे, 'झाम', लांगझाम म्हणजे हळू. त्याचा अर्थ तसा गुण असलेला, एवढाच. गुण चांगला की वाईट हे समच्या आधीच्या शब्दावर. हँडसम म्हणजे आधी हाताळायला सोपं, मग सोयीचं, मग देखणं, असा प्रवास झाला. होलसम आहे, ऑसम आहे, तेही चांगलेच. पण कटकटीचे जास्त आहेत हे खरंय, मेडलसम, क्वारलसम, इर्कसम, यादी करायला बसलात तर कागद भरेल. फोरसममधला सम मात्र वेगळा.

प्रश्न : मी मुंबईत चिनी शिकते. माझी तैवानची भाषा-मैत्रीण चॅटवर कुणालातरी सारखं 'जीछ' म्हणते. डिक्शनरीत त्याचा अर्थ मोटरसायकल! हे काय आहे?
— एक वाचक, दादर

उत्तर : मोटरसायकलच. पण तैवानच्या बोलण्यात खडूस, नखरे करणारा, उगाच त्रास देणाऱ्या माणसालाही तेच म्हणतात. टायरसमपेक्षा हे तिखट आहे. आणि यामागे तैवानी बोलीतली एक चांगलीच घाण शिवी लपलीय असं तिथलेच लोक सांगतात, तोंडावर म्हणता येत नाही म्हणून मोटरसायकलवर नेऊन बसवली. तरुण पोरंपोरी आपापसात बिनधास्त म्हणतात, तुम्हीही मैत्रिणीशी म्हणा, पण तिच्या आईवडिलांसमोर नको, आणि परीक्षेत तर मुळीच नको. मेनलँड चीनमधल्या कुणाला म्हणालात तर तो कदाचित खिडकीतून खाली गाडी कुठे लावलीय ते बघेल.